संगीताचा डेटा करताना: हाती काय लागतं आणि कोणाला विचारायचं राहून जातं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संगीतसंस्थेकडे जुन्या मैफलींची आणि तालमींची सुमारे तीनशे तासांची ध्वनिमुद्रणं स्पूल आणि कॅसेटवर पडून आहेत. संस्थेतल्या तरुणांना ती संगणकावर आणून त्यांच्यावर डेटाच्या अंगाने काम करायचं आहे: शोधता येईल असा संग्रह, राग ओळखणारी प्रणाली, आणि जमलं तर त्याच शैलीत नवं गाणारं मॉडेल. ज्येष्ठांना हे पटत नाही. यातून खरंच काय मिळेल, आणि नैतिक अडचणी नेमक्या कुठे आहेत?

मी गेली अठरा वर्षं संगीताच्या ध्वनिमुद्रणांवर संगणकाच्या मदतीने काम करते. त्याआधी दहा वर्षं गाणं शिकले. उत्तर आधी देते, कारणं मागाहून. संग्रह संगणकावर आणायला लगेच लागा, कारण टेपवरचा चुंबकीय थर तुमच्या चर्चा संपायची वाट पाहणार नाही. रागांचं आणि लयीचं विश्लेषण जरूर करा, पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना शेजारी बसवून. नवं गाणारं मॉडेल मात्र, ज्यांचे आवाज त्या टेपांवर आहेत त्यांनी नेमक्या त्याच गोष्टीला स्वच्छ होकार दिल्याशिवाय करू नका. तिन्ही कामांना 'डेटा-आधारित' हे एकच नाव आहे. पण देणारा कोण, घेणारा कोण, आणि दिलेलं परत मागता येतं का, याची उत्तरं तिन्हींत वेगवेगळी आहेत.

आधी फायद्याबद्दल बोलू, कारण तो खरा आहे आणि ज्येष्ठांनाही तो दिसायला हवा. जुन्या संग्रहातली पहिली डोकेदुखी असते पुनरावृत्तीची. एकच मैफल तिघांनी उतरवून घेतलेली असते आणि तिन्ही डब्यांवर तारखा वेगळ्या असतात. गाणं ऐकून नाव सांगणारं शाझम ज्या युक्तीवर चालतं, ती इथे कामी येते. एव्हरी वांग यांनी ती २००३ साली मांडली. ध्वनीचं चित्र काढायचं, आडव्या रेषेवर काळ आणि उभ्या रेषेवर कंपनसंख्या. त्यातली सर्वांत उठून दिसणारी शिखरं तेवढी ठेवायची, बाकी सगळं टाकून द्यायचं, आणि शिखरांच्या जोड्यांमधली अंतरं नोंदवून ठेवायची. गोंगाटात बाकीचं बुडालं तरी शिखरं तगतात, म्हणून ओळख पटते. तीनशे तासांच्या संग्रहात कोणत्या टेपा एकमेकींच्या प्रती आहेत हे एका रात्रीत कळतं. माणसाला त्याला महिने लागतील. मात्र तीच बंदिश वेगळ्या दिवशी गायलेली असेल तर ही युक्ती तिला ओळखत नाही. तिला बंदिश माहीतच नसते, एक विशिष्ट ध्वनिमुद्रण तेवढं माहीत असतं. आणि टेप थोडी वेगात किंवा थोडी संथ चालली असेल तरी ती फसते.

टेपच्या गतीवरून एक अनुभव सांगते. जुन्या मुद्रणांत बऱ्याचदा विजेच्या पुरवठ्याची घरघर झिरपलेली असते. पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर ती ५० वर आणि त्याच्या पटींत दिसायला हवी. ती ५२ वर दिसली तर टेप चार टक्के वेगात वाजते आहे, म्हणजे गाणाऱ्याची पट्टी अर्ध्या स्वराच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकी चढलेली ऐकू येते. (ही घरघर मूळ मुद्रणातली आहे, आत्ता वाजवणाऱ्या यंत्रातली नाही, याची आधी खात्री करावी लागते.) एका गायिकेच्या संग्रहातल्या काही टेपा अशा दुरुस्त केल्या आणि त्या गायिकेच्या सत्तरीतल्या शिष्येला ऐकवल्या. तिने डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "हा बाईंचा आवाज. मग इतकी वर्षं आम्ही टेपवर ऐकत होतो तो कोणाचा?" त्या टेपा ऐकून तयार झालेल्या पुढच्या पिढीने बाईंच्या आवाजाची धार म्हणून जी उचलली होती, तिच्यातला बराचसा भाग टेपच्या मोटरचा होता. असं काम कोणाचं काही हिरावून घेत नाही. ज्याचं त्याला परत देतं.

आवाज वेगळे काढण्याची कलाही आता खूप पुढे गेली आहे. जॉन लेनन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस घरी कॅसेटवर एक गाणं मुद्रित केलं होतं, आवाज आणि पियानो एकमेकांत मिसळलेले. १९९० च्या दशकात बीटल्समधल्या उरलेल्या तिघांनी ते पुरं करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते अखेर प्रसिद्ध झालं, कारण पियानो बाजूला सारून आवाज तेवढा उचलणारं मॉडेल तोवर तयार झालं होतं. तुमच्या टेपांवर तबला गाण्यावर चढलेला असेल, किंवा तानपुरा मायक्रोफोनच्या फार जवळ असेल, तर हेच तंत्र मदत करेल. मूळ फाइल मात्र कधीही बदलू नका. साफ केलेली प्रत वेगळी ठेवा आणि तिच्या नोंदीत काय केलं ते लिहा.

हजारो गाणी एकत्र ठेवून विचारता येणारे प्रश्न हा आणखी एक फायदा. मॅथियास माउख आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिकी लोकप्रियता-यादीतली १९६० ते २०१० या काळातली सुमारे १७ हजार गाणी तपासली. त्यांना तीन वेळा झपाट्याने बदल झालेला दिसला: १९६४, १९८३ आणि १९९१. पैकी १९९१ चा, म्हणजे रॅप आणि हिपहॉप वर आले तेव्हाचा, सर्वांत मोठा. आणि १९६४ चा बदल ब्रिटिश बँडनी घडवला, ही जी सर्वमान्य गोष्ट सांगितली जाते, तीही पुरती टिकली नाही. तो प्रवाह आधीच सुरू झालेला होता. आठवणींवर आणि दंतकथांवर लिहिलेल्या संगीताच्या इतिहासाला असा धक्का बसायलाच हवा. मात्र हे सगळं एका देशातल्या एका यादीबद्दल आहे, आणि प्रत्येक गाण्याचे अर्ध्या मिनिटाचेच तुकडे त्यात तपासलेले आहेत. बातम्यांमध्ये मात्र त्याचं लगेच 'पॉप संगीताचा इतिहास' होऊन जातं.

इथून अडचणींकडे वळते. पहिली अडचण लोकांना तांत्रिक वाटते, मला ती नैतिक वाटते.

दरबारी कानडा या रागातला कोमल गंधार, म्हणजे उतरलेला 'ग', घ्या. तो आंदोलित असतो, नेहमीच्या कोमल गंधाराहून उतरता, ऋषभाच्या अंगाने संथपणे झुलणारा. पडद्यावर त्याची रेषा काढली तर ती एका जागी उभी राहत नाही, लाटेसारखी हलते. आता सूर लिहून काढणारं नेहमीचं सॉफ्टवेअर या लाटेवर चालवा. त्याला सप्तकाचे बारा समान भाग माहीत असतात, प्रत्येक शंभर सेंटचा (सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं एकक). लाट खाली आली की ते 'रे' लिहितं, वर गेली की 'ग', आणि एका गंधाराचे पाच-सहा तुकडे पडतात: रे ग रे ग रे. बऱ्याच प्रणाली ४४० हर्ट्झचा स्थिर संदर्भ धरून बसलेल्या असतात. गाणाऱ्याने आपला षड्ज, म्हणजे 'सा', आपल्या गळ्याप्रमाणे लावला आहे हे त्यांच्या हिशेबातच नसतं. मग आकडे येतात, आलेख येतो, आणि एखादा विद्यार्थी विचारतो, "माझा गंधार चुकतोय का? ॲप लाल दाखवतंय." गंधार बरोबर असतो, मापपट्टी दुसऱ्या संगीताची असते. ज्या संगीताची ध्वनिमुद्रणं जास्त, ज्याच्या लिखित प्रती जास्त, त्याचे नियम सॉफ्टवेअरच्या पोटात जातात आणि बाकीच्यांना 'चूक' म्हणून मोजतात. कोणी मुद्दाम केलेलं नसलं तरी परिणाम तोच होतो, आणि तो शिकणाऱ्याच्या कानावर होतो.

यावर काम झालेलं आहे. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात झावियेर सेरा यांच्या नेतृत्वाखाली २०११ साली कॉम्पम्युझिक हा प्रकल्प सुरू झाला. हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की मकाम, अरब-अंदालुसी आणि बीजिंग ऑपेरा या पाच परंपरांना त्यांच्याच संकल्पनांतून मोजायचं, हा त्याचा पाया होता. आधी तानपुऱ्यावरून षड्ज शोधायचा, मग प्रत्येक स्वर त्या षड्जापासून किती दूर आहे ते पाहायचं. स्वराच्या जागी ठिपका मांडायचा नाही. गाणारा कुठे किती वेळ रेंगाळला त्याचा डोंगर काढायचा. आंदोलित गंधाराचा डोंगर पसरट येतो, स्थिर पंचमाचा निमुळता. असा आलेख मी एका ज्येष्ठ गायकांसमोर ठेवला तेव्हा त्यांनी पसरट डोंगरावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे तो श्वास घेतोय." त्या दिवसापासून मी तो आलेख विद्यार्थ्यांना दाखवते. फक्त एक पथ्य पाळते: आधी गा, मग बघा. गाताना डोळे पडद्यावर गेले की कान मिटतात.

दुसरी अडचण लेबलांची. 'हा यमन', 'हा विलंबित एकताल', 'हे गाणं उदास' असं कोणीतरी लिहिलेलं असतं आणि मॉडेल ते सत्य मानून शिकतं. जॉर्ज त्झानेटाकिस यांनी २००२ च्या सुमारास एक हजार तुकड्यांचा संच तयार केला, दहा प्रकारचं संगीत, प्रत्येक तुकडा ३० सेकंदांचा. तो पुढे अनेक वर्षं शंभरेक शोधनिबंधांत वापरला गेला. अमुक पद्धत तमुकपेक्षा दोन टक्क्यांनी सरस, अशा शर्यती त्यावर लागल्या. दहाएक वर्षांनी बॉब स्टर्म यांनी तो बारकाईने तपासला तेव्हा त्यात एकच तुकडा दोनदा आलेला, लेबल चुकलेलं, आवाज फाटलेला, अशी उदाहरणं मोठ्या संख्येने निघाली. ज्या दोन टक्क्यांसाठी लोक भांडत होते, ते संचातल्या चुकांपेक्षाही लहान होते.

मी स्वतः यात पोळले आहे. राग ओळखणारं आमचं एक मॉडेल इतके चांगले गुण मिळवू लागलं की आम्ही निबंध लिहायला घेतला. मग एका सहकाऱ्याने सहज म्हणून चाचणी बदलली: ज्या कलाकारांवर मॉडेल शिकलं, त्यांचं एकही मुद्रण परीक्षेत ठेवायचं नाही. गुण धाडकन कोसळले. आमच्या संचात मारवा रागाची बहुतेक मुद्रणं एकाच गायकाची होती, एकाच दालनात झालेली. मॉडेल मारवा ओळखतच नव्हतं. तो गळा आणि ती खोली ओळखत होतं. तुमच्या संग्रहात हे हमखास होणार, कारण संस्थेच्या संग्रहात दोन-चार कलाकारांचंच बरंचसं मुद्रण असतं. म्हणून परीक्षा घेताना कलाकार वेगळे पाडा. नाहीतर 'आमची प्रणाली राग ओळखते' हे विधान खोटं ठरेल, आणि त्यावर भरवसा ठेवून कोणीतरी एखाद्या अनामिक टेपवर चुकीचं नाव चिकटवेल. ते नाव मग पन्नास वर्षं टिकतं.

तिसरी गोष्ट शिफारशींची, म्हणजे पुढे काय ऐकावं हे ऑनलाइन सेवा सुचवतात त्याची. तुमच्या संग्रहाशी तिचा संबंध लांबचा वाटेल, पण उद्या हे संगीत ऑनलाइन ठेवलंत की तुम्ही त्यातच असाल. सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा २००६ चा प्रयोग मला या सगळ्या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. त्यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी घेतली आणि १४ हजारांहून जास्त लोकांना ती ऐकायला, उतरवून घ्यायला दिली. काहींना नुसती गाणी दिसत. बाकीच्यांना आठ स्वतंत्र 'जगां'त वाटलं होतं आणि आपल्या जगात कोणतं गाणं किती जणांनी घेतलं हा आकडा त्यांना दिसत असे. गाणी तीच, माणसं त्याच प्रकारची. तरी आठ जगांत आठ वेगळ्या याद्या तयार झाल्या. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं काहीही होऊ शकलं. शिवाय आकडे दिसत असलेल्या जगांत वरच्या आणि खालच्या गाण्यांमधली दरीही वाढली. आता हा आकडा कोणाला न दाखवता, पडद्यामागून, रोज कोट्यवधी लोकांच्या पुढच्या गाण्याची निवड करतो अशी कल्पना करा. 'लोकांना हेच आवडतं' हे वाक्य मी आता सहजासहजी मान्य करत नाही.

याच चक्रात जुने असमतोल घट्ट होतात. आंद्रेस फेरारो, झावियेर सेरा आणि क्रिस्टीन बाउअर यांनी २०२१ मध्ये दाखवलं की ऐकण्याच्या नोंदींवर शिकलेल्या प्रणालीत शिफारशींच्या यादीत वर पुरुष येतात आणि पहिली स्त्री कलाकार बरीच खाली येते. लोक वरचं ऐकतात, त्या ऐकण्यातून प्रणाली पुन्हा शिकते. त्यांनीच पुढे असंही दाखवलं की यादीत पुरुषांची नावं थोडी खाली सरकवली, तर संगणकातल्या प्रतिकृतीत हे चक्र हळूहळू सैल होतं. म्हणजे प्रश्न उपाय नसण्याचा नाही. यादी कशासाठी लावायची, हे कोण ठरवतं याचा आहे.

पैशाचं थोडक्यात. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजला जातो, आणि २०२४ पासून आधीच्या बारा महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला मुद्रणाच्या रॉयल्टीतला वाटा मिळत नाही. चाळीस मिनिटांचा ख्याल पुरा ऐकला तरी मोजणी एकच. ज्या संगीताला रंग भरायलाच दहा मिनिटं लागतात, त्याने या मापात बसण्यासाठी स्वतःला कापून घ्यावं, असा दबाव कोणी न बोलताही तयार होतो. माप बदलता येतं. ते निसर्गनियम नव्हे.

ऐकणाऱ्याच्या खासगीपणाचाही प्रश्न आहे. आपण रात्री दोन वाजता काय ऐकतो यावरून आपल्याबद्दल खूप काही कळतं. बोलण्याच्या आवाजावरून माणसाची भावस्थिती ताडून संगीत सुचवण्याचं पेटंट स्पॉटिफायला जानेवारी २०२१ मध्ये मिळालं, तेव्हा अनेक संगीतकारांनी आणि हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी खुलं पत्र लिहून विरोध केला. ते वापरण्याचा विचार नाही, असं कंपनीने सांगितलं. तुमच्या संग्रहापुरतं साधं धोरण ठेवा: कोणी काय ऐकलं याची नावानिशी नोंद ठेवूच नका. जी माहिती गोळाच केली नाही, ती फुटत नाही.

आता तिसरं काम, गाणारं मॉडेल. ओपनएआयचं ज्यूकबॉक्स हे गाणी बनवणारं मॉडेल २०२० मध्ये आलं, ते १२ लाख गाण्यांवर शिकलेलं होतं. चारच वर्षांनी, जून २०२४ मध्ये, मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि युडिओ या मॉडेलने गाणी बनवून देणाऱ्या सेवांवर अमेरिकेत खटले भरले. खुल्या इंटरनेटवर मिळणारी, बऱ्या दर्जाची जवळजवळ सगळी संगीत-मुद्रणं आपण शिकवण्यासाठी वापरली, असं सुनोने न्यायालयातल्या उत्तरात मान्य केलं आणि ते कायद्याने योग्य आहे असा दावा केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांतली युनिव्हर्सल ही रेकॉर्ड कंपनी आणि युडिओ यांनी तडजोड केली. त्या दोन कंपन्यांचं आपापसांत मिटलं, पण त्या मुद्रणांत ज्याने चार मात्रांचा तुकडा वाजवला, तो वादक त्या टेबलाशी बसलेला नव्हता.

मॉडेल यायच्या आधीही हेच घडलेलं आहे. सॉलोमन बेटांवरच्या अफुनाक्वा नावाच्या बाईने १९७० च्या आसपास ह्यूगो झेम्प या संशोधकासमोर एक अंगाई गायली. १९९२ साली डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीने तिचा आवाज आपल्या गाण्यात घेतला. ते जगभर गाजलं. अल्बमची सगळी मांडणी मध्य आफ्रिकेतल्या जंगलांची होती आणि त्यावर अफुनाक्वाचं नाव नव्हतं. तिने गायली होती ती रडणाऱ्या पोराला सांगायची गोष्ट: उगी, आईबाप आता नाहीत. हे ज्यांनी ऐकलं त्यांतल्या फार थोड्यांना ते कळलं असेल. मॉडेलमध्ये तर एवढाही माग उरत नाही. अल्बममधला तुकडा कान देऊन ओळखता येतो. कोट्यवधी आकड्यांत विरघळलेली अंगाई कोणालाच काढून दाखवता येत नाही.

म्हणून हे तंत्रच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. रँडी ट्रॅव्हिस या अमेरिकी गायकाचा आवाज २०१३ मधल्या पक्षाघाताने गेला. मे २०२४ मध्ये त्याचं नवं गाणं आलं. दुसऱ्या गायकाने ते गायलं, आणि ट्रॅव्हिसच्या जुन्या मुद्रणांवर शिकलेल्या मॉडेलने त्यावर त्याचा आवाज चढवला. तो स्वतः त्या कामात होता, त्याचा होकार होता, त्याचा जुना निर्माता सोबत होता. तंत्र साधारण तेच असूनही मला यात काही खटकत नाही. कायदाही हळूहळू या बाजूला येतो आहे: अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने मार्च २०२४ मध्ये आवाजाच्या नकलेविरुद्ध कायदा केला, आणि त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची मॉडेलने नक्कल करण्याला अंतरिम मनाई केली. पण कायदा पोहोचेपर्यंत थांबायचं कारण नाही. तुम्हाला कोणाला विचारायचं आहे ती माणसं तुमच्या ओळखीची आहेत. मोठ्या कंपन्यांपेक्षा तुम्ही इथेच श्रीमंत आहात.

विचारायचं कसं, यावर माझं मत ठाम आहे. एकच कागद आणि एकच सही घेऊ नका. ऐकू देऊ का, अभ्यासू देऊ का, आणि यातून नवं काही बनवू देऊ का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तिन्हींना वेगळी उत्तरं येऊ द्या. सही घेण्याआधी एक गोष्ट समोरासमोर सांगा: संग्रहातलं मुद्रण उद्या मन बदललं तर काढता येतं, पण शिकवून झालेल्या मॉडेलमधून ते खऱ्या अर्थाने काढता येत नाही, मॉडेल नव्याने शिकवावं लागतं. ही गोष्ट न सांगता घेतलेला होकार मी होकार धरत नाही. कलाकार हयात नसतील तर वारसांना विचारा, आणि वारस सापडत नसतील तर पहिल्या दोन प्रश्नांवर थांबा.

ज्येष्ठांचा विरोध नेमका कशाला आहे, तेही एकदा शांतपणे ऐका. एका गायिकेने मला मैफलींची सगळी मुद्रणं खुशीने दिली आणि तालमींच्या टेपांना ठाम नकार दिला. मला वाटलं, गुरू रागावल्याचं कोणी ऐकू नये म्हणून. तिने एक टेप लावली. गुरू एकच जागा सात-आठ वेळा वेगवेगळी घेत होते, एक अर्ध्यावर सोडली, म्हणाले, "नाही, हे अजून झालेलं नाही." टेप थांबवून ती म्हणाली, "हे त्यांनी कोणाला दिलेलं नाही. हे त्यांनी टाकून दिलंय. तुमचं यंत्र यालाही त्यांचं गाणं धरेल." ती बरोबर होती. मॉडेलला टाकलेलं आणि ठेवलेलं यांतला फरक कळत नाही, टेपवर आहे ते सगळं त्याला सारखंच. शिवाय तालमीत इतर शिष्यांचे आवाज असतात, काही तेव्हा लहान मुलं होती. त्यांना कोणी विचारणार?

बंद ठेवणं हाही संग्रहाचा एक प्रकार आहे. जेसी फ्यूक्स या संशोधकांनी १८९० साली अमेरिकेतल्या पासामाक्वॉडी या मूळनिवासी लोकांची गाणी आणि कथा मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केली. क्षेत्रात जाऊन केलेलं ते सर्वांत जुनं ध्वनिमुद्रण मानलं जातं. ती नळकांडी आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, आणि अलीकडे त्यांच्या नोंदींवर त्या समाजाने स्वतःच्या भाषेतल्या खुणा लावल्या आहेत: हे कोणाचं आहे, कसं वापरावं, श्रेय कसं द्यावं. काही मुद्रणं त्यांनी आपल्यापुरती ठेवली. शंभरहून जास्त वर्षांनी का होईना, ठरवण्याचा हक्क त्यांच्याकडे आला. तुम्हाला एवढं थांबायची गरज नाही. नोंदवहीत आजच एक रकाना घाला, 'कोणासाठी खुलं'.

आणि यंत्र विकत घेण्याआधी आणखी एक काम. तुमच्या डब्यांवर बहुधा एकच नाव असेल, गाणाऱ्याचं. तबल्याला कोण, पेटीला कोण, मागे तानपुऱ्यावर आवाज कोणाचा, हे लिहिलेलं नसेल. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच नोंद-पद्धतींत 'कलाकार' हा एकच रकाना असतो, त्यामुळे जे डबीवर राहिलं ते डेटातही राहतं, मग शिफारशीत, मग रॉयल्टीत, मग होकार मागायच्या यादीतही. तुमच्या ओळखीच्या सर्वांत वयस्क तबलजींना बोलवा. प्रत्येक टेपची पहिली काही मिनिटं लावा. ठेका सुरू झाला की बरेचदा दोन-तीन आवर्तनांत ते नाव सांगतील. बायाँ, म्हणजे डग्गा, कोण कसा घुमवायचा हे त्यांच्या हातात असतं. ते सांगतील तसं लिहा: एका रकान्यात नाव, दुसऱ्यात कोणी ओळखलं, तिसऱ्यात ओळखणाऱ्याला किती खात्री वाटली.